नऊ वाजून दहा मिनिटं

खाण बंद पडली, मागोमाग कंपनीचा दवाखानाही.
आता तिथे मालिकेचं शूटिंग चालतं.
साखळीच्या रस्त्यावरून दिसतात जनरेटर, केबली
आणि फाटकावर नवी पाटी: संजीवन हॉस्पिटल, पुणे.
बाहेरची लाल माती कॅमेऱ्यात येऊ नये
म्हणून खिडक्यांना पांढरे पडदे लावलेत.
धूळ आत येतेच. तिला कोण सांगणार पुण्याचं?

मला बोलावलं ते सलाईन कसं लावतात हे दाखवायला.
गावस सिस्टर, तुम्ही इथेच होता ना सव्वीस वर्षं?
दिवसाला दीड हजार, दुपारचं जेवण, एक खुर्ची.

या आठवड्यात सगळे माफी मागताहेत.
दोनशे बाराव्या भागात भूलतज्ज्ञ कबूल करतो
की त्या रात्री तो प्यायलेला होता.
वॉर्डबॉय विकलेल्या रक्ताचे पैसे परत करतो,
रुमालात बांधून, चिल्लरसकट.
डॉक्टर वैखरी, पोटात राहिलेल्या बोळ्यापायी,
एका बाईसमोर गुडघे टेकते. सात वेळा,
कारण सहा वेळा माइकची सावली भिंतीवर पडली.
सातव्यांदा बाईनं तिला खांद्याला धरून उठवलं
आणि दिग्दर्शक म्हणाला, ओके, जेवण.

मी खुर्चीतून बघत होते.
यांच्या चुका कुणीतरी आधीच लिहून ठेवल्यात,
माफीही त्याच कागदावर, थोडी खाली.
वैखरीचं काम करणारी मुलगी डबा घेऊन शेजारी बसली.
सिस्टर, खरे डॉक्टर कशी मागतात हो माफी?
मागत नाहीत गो, म्हटलं. रजिस्टर मागतात.
तिला तो विनोद वाटला.

मग सेटवरचा आग्नेल एक कोरं रजिस्टर घेऊन आला.
जरा भरून द्या, खरं वाटेलसं.
कुठलीही नावं चालतील, दोन सेकंदांचा क्लोजअप.
कुठलीही चालली असती.
मी लिहिलं: भिवा माजीक, वय चौतीस,
डंपरखाली उजवा पाय.
आणलं: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.
डॉक्टर आले: अकराला पाच कमी.

अठ्ठ्याण्णव सालच्या पानावर
तो पावणेअकराला आणला गेला होता.
अक्षर माझंच. पहिलं पान फाडून दुसरं लिहायला
मॅनेजरनं स्वतःच्या खिशातलं पेन दिलं होतं.
परत मागितलं नाही.
चांगलं पेन. पुष्कळ दिवस चाललं.

गुरुवारी भाग लागला. दोन सेकंदही नव्हते.
वैखरीचं बोट, नखाला फिकट रंग,
भिवाच्या नावावरून सरकलं आणि जाहिरात आली.

शुक्रवारी मी वाळपईची बस धरली,
होंड्याला उतरून पिसुर्ल्यापर्यंत चालत गेले.
द्वारका अंगणात भिरंडं फोडत बसली होती.
मी उभ्याउभ्याच सांगितलं. रडूसुद्धा वेळेवर आलं नाही.
गुडघे दुखतात, टेकले नाहीत.

तिचा हात थांबला नाही.
बिया एकीकडे, सालं एकीकडे.
मग म्हणाली, ठाऊक आहे मला किती वाजले होते.
तू त्याच्यावर वाकलीस तेव्हा
तुझ्या छातीवरचं घड्याळ माझ्या तोंडासमोर होतं.
उलटं लटकत होतं.
घरी येऊन मी ते मनात सुलटं केलं.

एवढंच. क्षमा केली म्हणाली नाही,
जा म्हणाली नाही.
मी बसले. बस असंही कुणी म्हटलं नव्हतं.
एक भिरंड उचललं, फोडलं,
बी कुठे टाकायची ते कळेना, तर तिनं सूप पुढे केलं,
किंवा ते आधीपासून तिथेच होतं.

माझं ते घड्याळ निवृत्तीआधीच बंद पडलंय.
शेवटची बस सव्वापाचची.
उंबऱ्यापाशी आलेली सावली बघून
तीच म्हणाली, पाच वाजले, ऊठ आता.